हँडलवरचा दुपट्टा

बोरखडी (गिरडजवळ), जि. वर्धा
१८ जुलै १९८६

चि. आनंदराव भाऊजींना,
कोकिळावहिनीचे आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिलं की पत्राची एक ओळ भरते, म्हणून लिहिलं. तुमच्या दादांचा गुडघा धरला आहे, म्हैस आटली आहे आणि स्वयंपाकघराचं छत गळतं. तुमची पवनचक्की मात्र ठणठणीत आहे. तिची खुशाली आधी लिहिली असती तर पुढचं तुम्ही वाचलंच नसतं, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही ही योजना उभी करून पुण्याच्या ऑफिसात परत जाताना वीजघराच्या भिंतीवर जो तक्ता चिकटवून गेलात त्याबद्दल लिहायचं आहे. सकाळी सहा ते आठ पिठाची चक्की, संध्याकाळी सात ते दहा गावाचे दिवे. अक्षर सुंदर आहे, खाली लाल रेघही मारली आहे. पण भाऊजी, वाऱ्याला तो तक्ता वाचता येत नाही. डिसेंबरात उद्घाटनाला साहेबांनी फीत कापली तेव्हा पातं हलेना, आणि तुम्ही तानबा कोतवालाला मागे उभं करून दोरीनं पातं ओढायला लावलं होतं. गाव अजून तेच सांगून हसतं. मी त्या दिवशी हसले नाही, तुमची लाज ती माझी लाज म्हणून. पण त्याच दिवशी कळायला हवं होतं की हे प्रकरण घड्याळावर चालणार नाही.

हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी हवं असतं तेव्हा पातं नुसतं उभं. आता आषाढात टेकडीवर असा वारा सुटतो की अंगावरचा पदर जागेवर राहत नाही, आणि आत्ताच कोणाला वीज नको. शेतातल्या मोटारी बंद. लोक आठला जेवून झोपतात. त्या उन्हावर वीज करणाऱ्या काचेच्या पाट्यांचं म्हणाल तर ऊन भर दुपारी, जेव्हा घरात कुत्रंसुद्धा नसतं. दिवा लागतो संध्याकाळी, आणि सूर्य त्या वेळी गेलेला असतो. मधे राहिल्या चोवीस बॅटऱ्या. त्या भरल्या की आणखी घेत नाहीत आणि रिकाम्या झाल्या की देत नाहीत. त्यांना पाणी पाजता पाजता ॲसिड उडून माझ्या दोन पातळांना भोकं पडली आहेत.

एक तोड मी काढली आहे. तुम्हाला हसू येईल, येऊ द्या. सकाळी बॅटरीचा काटा पाहते, वर टेकडीवर जाऊन वारा पाहते, आणि दोन्ही बरे असले की मनोऱ्याच्या पहिल्या पायरीला माझं जुनं लाल लुगडं बांधते. शेतातल्या बायांना ते दिसतं. ज्यांना दळण असेल त्या निघून येतात, वेळ कोणतीही असो. लुगडं नसलं की कोणी पायपीट करत नाही. पहिले आठ दिवस सगळे कुरकुरले. आता रूपराव, ज्याच्या गिरणीत ही वीज जाते, तो स्वतः सकाळी विचारतो, "वहिनी, आज लुगडं हाय काय?" वारा माणसाच्या वेळेवर येत नाही तर माणसांनीच वाऱ्याच्या वेळेवर यावं, यात एवढं काय आहे. तुमच्या तक्त्यात मात्र हे बसत नाही, आणि रजिस्टर तक्त्याप्रमाणे भरायचं असतं. म्हणून तुमचे दादा रोज संध्याकाळी खोटे तास लिहून सही करतात.

हो, सही त्यांचीच. काम माझं. नेमणुकीच्या कागदावर बाईमाणसाचं नाव दिल्लीच्या साहेबांना बरं दिसणार नाही, हे तुमचेच शब्द. मॅट्रिक मी झाले, तुमचे दादा सातवीत बसून राहिले, पण काटा वाचणारी मी कागदावर कुठेच नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. हँडलला कुलूप पाठवा.

पूर्वी गावाची तार एका घरासारखी होती. दार एकच. कवडू वायरमन ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढायचा की दार बंद, मग खुशाल खांबावर चढायचा. तुम्ही आता मागच्या बाजूनं दुसरं दार पाडलं आहे. हँडल वर केलं की तारेत बोर्डाची वीज, खाली केलं की आपली. मधे ठेवलं की कोणाचीच नाही. म्हणजे कवडूनं पुढचं दार लावलं तरी मागचं उघडं असू शकतं. त्यासाठी तुम्ही खांबावर चढण्याआधी भरायच्या परमिटचं एक जाड पुस्तक दिलं. ते इंग्रजीत आहे. कवडूला मराठीतही आपलं नावच तेवढं लिहिता येतं. ते पुस्तक बॅटरीच्या खोलीतल्या पालींवर उगारायला बरं पडतं.

म्हणून कवडूनं आपली रीत काढली. खांबावर चढायच्या आधी तो वीजघरात येतो, हँडल मधे करतो आणि खांद्यावरचा दुपट्टा त्याला बांधतो. "दुपट्टा हाय तवरी मी वर हावो, वहिनी. हात नोका लावू." काम झालं की येऊन सोडून नेतो. रीत चांगली आहे. माणूस विसरभोळा आहे. मागच्या गुरुवारी सकाळी दुपट्टा बांधून गेला, काम अर्ध्या तासात झालं, आणि हा तिकडून तिकडेच गिरडला उरुसाची लायटिंग करायला. मी दिवसभर बांधलेल्या हँडलसमोर बसून. वर वारा असा की पातं थांबवून ठेवावं लागलं, खाली नऊ बाया गहू घेऊन. संध्याकाळी आला आणि हसत म्हणाला, "इसरलो नं वहिनी." त्याला मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कुलूप पाठवा. किल्ली कवडूच्या करगोट्याला बांधू. तो दुपट्टा विसरेल, करगोटा विसरणार नाही.

तुमची,
कोकिळावहिनी

*

बोरखडी
१२ सप्टेंबर १९८६

चि. आनंदराव भाऊजींना,
आशीर्वाद.

तुमचं रजिस्टर पत्र मिळालं आणि पार्सलही मिळालं. कुलूप पितळेचं आहे, चांगलं आहे. कवडूला दवाखान्यात नेल्यावर आठव्या दिवशी पोचलं.

दादांनी तार करून सगळं कळवलं होतंच. कवडू शाळेजवळच्या खांबावर होता, तार जिवंत झाली, तो खाली पडला. उजवा हात भाजला आहे, खांद्याचं हाड मोडलं आहे. वर्ध्याच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात जीव वाचला. तार कशी जिवंत झाली ते तुम्ही तुमच्या पत्रात लिहिलंच आहे, त्यामुळे मी पुन्हा लिहीत नाही.

पोळा झाला. आमच्याकडे पुरण शिजलं नाही. बैलांना तेवढं जेवू घातलं. पावसानं उघडीप दिली आहे, कपाशीला बरं. बॅटरीचं पाणी संपत आलं आहे, दोन कॅन पाठवा.

चौकशीचे साहेब परवा येऊन गेले. सतरंजी टाकली, चहा दिला. त्यांनी विचारलं, दुपट्टा होता का? तुमचे दादा म्हणाले, नव्हता. साहेबांनी लिहून घेतलं. गावातल्या दोघा-तिघांना विचारलं, तेही म्हणाले की कवडू विसरतोच नेहमी. मी आत चहा गाळत होते. मला कोणी विचारलं नाही, मी कागदावर नाहीच ना.

तुम्ही लिहिलं आहे की कुलूप ऑगस्टमध्येच पोचल्याची नोंद दादांनी रजिस्टरात घालावी, कारण दिल्लीचे लोक दहा गावांची योजना मंजूर करत आहेत आणि अशा वेळी डाग नको. दादा दोनदा रजिस्टर घेऊन बसले. मी म्हटलं, पेन सापडत नाही. घरात पेन आहे, भाऊजी.

एवढंच. मला बरं वाटत नाही म्हणून आवरते.

कोकिळा

*

बोरखडी
५ ऑक्टोबर १९८६

चि. आनंदराव भाऊजींना,
वहिनीचे आशीर्वाद, मनापासून.

काल घट बसले. परवा शुक्रवारी, सर्वपित्रीच्या दिवशी, मी वर्ध्याला जाऊन चौकशीच्या साहेबांसमोर जबाब देऊन आले. तुम्ही दादांना लिहून पाठवलेलं एकही वाक्य त्यात नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहिते आहे. वाचताना मधे थांबू नका आणि मधेच फोन करायला पोस्टात धावू नका. जबाब झाला आहे.

दुपट्टा होता. हँडलला बांधलेला होता. मी सोडला.

मागच्या पत्रात मी "तार जिवंत झाली" असं लिहिलं. जशी काही तिची तीच झाली. ते पत्र टाकून आल्यापासून मला स्वतःचा इतका संताप आला आहे की घरात कोणाशी धड बोलत नाही. तुमच्यावरचा संताप त्याच्या आधीचा आहे, तो वेगळा.

त्या दिवशी खांदशेकणी होती, पोळ्याचा आदला दिवस. गावात बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावणं चाललं होतं, घराघरातून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं ऐकू येत होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळ्यांना पीठ कोणाकडेच नव्हतं. का नव्हतं, तर आधीचे पाच दिवस वारा नव्हता, ढग होते, बॅटऱ्या तळाला आणि बोर्डाची वीज येऊन-जाऊन. पाच दिवस मी लुगडं बांधलं नव्हतं. त्या सकाळी दहाला वारा सुटला. मी वर पळत गेले, लुगडं बांधलं आणि खाली येते तो वीजघरासमोर सीताबाई आणि आणखी सहा-सात बाया. रूपरावच्या गिरणीत टोपल्यांची रांग लागली म्हणून त्या मला गाठायला आल्या होत्या.

आत हँडलवर कवडूचा दुपट्टा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं सांगते, पहिला विचार "कवडू वर आहे" हा आला नाही. पहिला विचार आला, "पुन्हा विसरला मेला." सीताबाई म्हणाली, "वहिनी, वारा सुटला नं. कवाची बसून राह्यली मी. उद्या काय बैलाले भाकर चारू?" तानबा कोतवाल तिथं बिडी पीत उभा होता. मी त्याला विचारलं, कवडू कुठे आहे? तो म्हणाला, "रूपरावच्या गिरणीपाशी चहा पेऊन राह्यला. आत्ताच पाह्यला मी त्याले."

तानबा खोटं बोलला नाही. कवडूनं चहा घेतला होता. चहा घेऊन तो शाळेजवळच्या दुसऱ्या खांबावर चढला, कारण पोळ्याच्या दिवशी गावात अंधार नको म्हणून त्याला तिथली सैल तार त्याच दिवशी ओढून घ्यायची होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वीजघरातून तो खांब दिसत नाही, मधे चिंच आहे. पाचशे पावलं चालून गेले असते तर दिसला असता. पाच दिवस वाऱ्याची वाट पाहिली आणि पाचशे पावलं मला जास्त झाली.

मी गाठ सोडली. गाठ घट्ट होती, दातानं सोडली. दुपट्ट्याची घडी करून खिडकीत ठेवली, त्याला आल्यावर दाखवून चार शब्द सुनवायचे होते. हँडल खाली ओढलं. गिरणीचा आवाज ऐकू आला आणि बाया हसल्या. मग आवाज बंद पडला आणि शाळेकडून ओरडा आला.

दुपट्टा मी पदराखाली घरी आणला. त्याच दिवशी धुतला, का धुतला मला सांगता येत नाही. वाळल्यावर माझ्या पेटीत ठेवला. दादांनी पाहिला. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि चौकशीत ते "नव्हता" म्हणाले ते मला वाचवायला. पंचवीस वर्षांत त्या माणसानं माझ्यासाठी बोललेलं हे पहिलंच खोटं, आणि मी ते बोलू दिलं. बायांचंही तेच. सीताबाई दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं आली. म्हणाली, "आमी काईच नाई पाह्यलं वहिनी. तुमी आमच्यासाठीच चालू केलं. तुमच्यावर येऊ देऊ काय आमी?" मी तिला चहा पाजला. सगळ्या गावानं माझ्यावर माया केली आणि ती कवडूच्या जिवावर केली, कारण त्याच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. त्याची बायको रामबाई आणि तो, गोंडांची दोन घरं गावाच्या टोकाला, आणि दोन्ही रोजंदारीवर. या दिवाळीला बोर्ड त्याला कायम करणार होतं. चूक त्याची ठरली तर कायम कशाचं.

महिनाभर मी दवाखान्यात गेले नाही. कामं होती असं सगळ्यांना सांगितलं. मागच्या रविवारी दादाच म्हणाले, जाऊन ये, लोक विचारतात. संत्री घेतली आणि गेले.

उजव्या हाताची तीन बोटं काढली आहेत, भाऊजी. ज्या हातानं तो गाठ मारायचा त्याची. मला पाहून तो उठायला लागला. "वहिनी, तुमी काऊन आल्या एवढ्या दूर?" रामबाईनं स्टूल पुसून दिलं. तो पवनचक्कीची चौकशी करत होता, मी ऐकत बसले. हो, चक्कीची. वारा कसा आहे, बॅटऱ्या भरल्या काय, दुसरा वायरमन कोण येतो, त्याला ट्रान्सफॉर्मरचा तिसरा फ्यूज ढिला आहे हे सांगा. मी हो हो म्हणत होते. मग तो म्हणाला, "वहिनी, मले आपलं वाटे का मी दुपट्टा टांगला होता. साफ आठवते, गाठ मारली होती. पन सारेच म्हणतेत नाई. मंग इसरलोच असन मी. मागं बी इसरलो होतो नं."

रामबाई लगेच म्हणाली, "किती खेपा सांगतलं याले मी. इसरभोळा हाय म्हणून बोटं गेली. आता भोग म्हणा." ती दिवसरात्र त्याला भरवते आणि दिवसरात्र हेच ऐकवते. आणि तो ऐकून घेतो. मान खाली घालून.

भाऊजी, मला वाटलं होतं त्याची बोटं गेली, नोकरी जाईल, एवढंच मी केलं. ते काही कमी नव्हतं. पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची आठवणही त्याच्याकडून काढून घेतली होती. त्यानं गाठ मारली होती आणि तो स्वतःवर विश्वास ठेवत नव्हता, कारण मी वर्षभर गावात चारचौघांत त्याला विसरभोळा म्हणून हिणवलं होतं. मी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली आणि बस धरली. तेव्हाही बोलले नाही. बसमध्ये हिंगणघाट येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते आणि हिंगणघाट आल्यावर तुम्हाला द्यायला लागले.

ते ऐकून घ्या. तुम्हाला मी कुलूप तीनदा मागितलं. तुम्ही कळवलंत की ते टेंडरमध्ये आहे. बाजारात जे कुलूप कोणीही जाऊन आणतं त्याला टेंडर लागतं हे मला माहीत नव्हतं. मीही शहाणी, गिरडच्या दुकानातून आणून लावायला काय झालं होतं. पण तुमची वस्तू, तुमची परवानगी, तुमचा तक्ता, म्हणून मी वाट पाहत बसले. तुम्ही दिल्लीला कागद दाखवता की सूर्य, वारा आणि बोर्ड या तिघांना एका तारेत आणलं. आणलंत. पण त्या तारेच्या दोन्ही टोकांना माणसं आहेत आणि एकाला दुसऱ्याचं काय चाललं आहे ते दिसत नाही, याची सोय तुमच्या नकाशात एका फडक्यापलीकडे नव्हती, आणि ते फडकंही कवडूच्या खांद्यावरचं. जबाबात मी हे सगळं सांगितलं. पार्सलचं वरचं कापड पोस्टाच्या शिक्क्यासकट साहेबांकडे दिलं. त्यावर सप्टेंबरची तारीख आहे.

दादांचं नाव मी सोडवलं आहे. रजिस्टरातल्या सह्या नावापुरत्या, हँडल मी चालवते, हे स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं नाव तर कुठेच नाही, तुम्ही हे का ओढवून घेता?" मी म्हटलं, मग आता लिहा. त्यांनी दोनदा विचारलं आणि मग लिहिलं. माझ्यावर काय होईल ते साहेबांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. दादा बाहेर बाकावर बसले होते. येताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, एवढंच.

दहा गावांची योजना बंद पडावी असं मी म्हणत नाही. उलट, होऊ द्या. लुगड्याच्या रीतीनं आमच्या गावानं वाऱ्याशी जमवून घेतलं, बाकीची गावंही घेतील, माणसं तुम्हाला वाटतात तेवढी अडाणी नाहीत. पण प्रत्येक हँडलला कुलूप, किल्ली वर चढणाऱ्याच्या अंगावर, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल अशी खूण. आणि जो चालवतो त्याचं नाव कागदावर. यातलं एकही जमत नसेल तर दहा गावांना अंधारात राहू द्या, तो त्यांच्या सवयीचा आहे.

जबाब दिल्यावर मी दवाखान्यात गेले. दुपट्टा बरोबर होता, साहेबांनी पाहून, लिहून घेऊन परत दिला होता. रामबाई त्याला वरण-भात भरवत होती. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा वाऱ्याच्या गोष्टी निघाल्या असत्या. दुपट्टा त्याच्या पांघरुणावर ठेवला आणि म्हटलं, "कवडू, तू इसरला नव्हता. तू टांगला होता. गाठ मारली होती. मी सोडली. तू वर असशीन हे मी पाह्यलंच नाई. आता साहेबाले सांगून आली."

त्याच्या तोंडात घास होता. तो त्यानं गिळला. मला वाटलं शिवी देईल, मी तयारीनं गेले होते. रामबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानं डाव्या हातानं दुपट्टा चाचपला, त्याचं टोक पाहिलं, मग रामबाईला त्यांच्या गोंडीत काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही. ती रडायला लागली. मग तो मला कळावं म्हणून आपल्या बोलीत म्हणाला, पण तिलाच उद्देशून म्हणाला.

"आयकलं काय व? टांगला होता मी."

पुन्हा म्हणाला, "टांगला होता." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला तर त्यालाही सांगितलं. मी दारापर्यंत आले तरी तो सांगतच होता. मला त्यानं काही म्हटलं नाही, क्षमा केली असंही नाही आणि नाही असंही नाही, आणि मी त्याच्याकडे काही मागितलं नाही.

तुम्हालाही चौकशीचं बोलावणं येईल. तुम्ही काय सांगावं ते मी सांगणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता आणि माझ्या ताटात जेवायचात, म्हणून एवढा कागद लिहिला, नाहीतर जबाबाची नक्कल पाठवून मोकळी झाले असते. आलात तर घरी उतरा. जेवण मिळेल, बोलणीही मिळतील.

कोकिळा किसनराव उमाटे
ऑपरेटर, पवनचक्की वीजघर, बोरखडी
(जबाबावरही अशीच सही केली आहे.)